आपणहून बोललेला शब्द

शेजारचा नुन्झियो मासे खात नाही हे मला कळलं, कारण दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उचलून बघायची मला खोड आहे. शुक्रवार होता. त्याच्या बायकोच्या, कार्मेलाच्या, चुलीवर दोन भांडी होती. एकात मुलांसाठी मासे, दुसऱ्यात नुसते हरभरे.

"हे कुणाला?" मी विचारलं. "तुम्हा ख्रिस्ती लोकांत शुक्रवारी मांस चालत नाही. मासे तर चालतात की."

"नवऱ्याला," ती म्हणाली. "कोळी आहे म्हणायला. चार वर्षांत मासा तोंडात घातलेला नाही. त्या हिवाळ्यापासून. जास्त खोदून विचारलं की ताट भिरकावतो."

"कुठल्या हिवाळ्यापासून?"

"अगं, तुमचा खम्मूस गेला ना, त्या."

ती पुन्हा कांदा चिरायला लागली. तिला त्यात काही वाटलं नाही. मी मात्र दाराची चौकट धरून उभी राहिले.

खम्मूस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, नेज्माचा, नवरा. स्पंजांचा व्यापार करायचा. स्फाक्स बंदरातून होडीत बसला, वाटेत वादळ झालं, आणि होडी एकटीच आमच्या गुलेतच्या किनाऱ्याला लागली, तीही पालथी. माणसांपैकी कुणी सापडलं नाही. तेव्हापासून नेज्मा ना धड सवाष्ण, ना धड विधवा. तो एखाद्या तळ्यात बुडाला असता, तर चारही काठांवर माणसं उभी करून खात्री करता आली असती, असं आमचं ज्यूंचं शास्त्र म्हणतं. समुद्राला काठ नाहीत. कुठे तरी पोहत निघाला असेल, एखाद्या जहाजानं उचलला असेल. मेलेला चेहरा डोळ्यांनी पाहिलेलं कुणी सापडत नाही तोवर ती त्याचीच बायको. तिनं दुसरं लग्न केलं आणि तो परत आला, तर ती व्यभिचारिणी, आणि झालेल्या मुलांना आमच्यात कुणी आपली मुलगी द्यायचा नाही की त्यांची करून घ्यायचा नाही, दहा पिढ्या.

ती सव्वीस वर्षांची होती. कापडवाला ब्राहम दोन वर्षं तिच्यासाठी थांबला होता. इतका सरळ माणूस, की दुसऱ्याची बायको म्हणून आमच्या जिन्याची पहिली पायरीही कधी चढला नाही. खालूनच तिच्या पोरीला हाक मारायचा, तिच्या हातात दोन अंजिरं ठेवायचा आणि जायचा. त्याची आई म्हणत होती, शरदातले सण होईपर्यंत थांबते, मग मी दुसरी मुलगी बघते. त्या म्हातारीला तरी काय बोलणार?

दर शुक्रवारी सकाळी आमच्या जिन्याच्या तळाशी नेज्मासाठी कुणी तरी कागदात गुंडाळलेला मासा ठेवून जायचं. आम्हाला वाटायचं ब्राहमच. त्या दिवशी कार्मेलाच्या दारात उभी असताना मला कळलं की ब्राहम नव्हे, नुन्झियो.

मी पिठाच्या हातांनीच रिब्बी सिमहांकडे गेले. ते आमच्या गुलेतचे धर्मन्यायाधीश. पंचाहत्तरी उलटलेली, एक डोळा अधू, पण ग्रंथातलं पान न बघता सांगणारे.

"नुन्झियोला बोलवून घ्या," मी म्हटलं. "शपथ घाला त्याला. त्याला माहीत आहे."

ते इतक्या झटक्यात उठले की खुर्ची मागे आडवी झाली. "तू त्याला विचारलंस?"

"अजून नाही."

"त्याच्या बायकोला?"

"तिला हरभऱ्यांबद्दल विचारलं."

"देवा, तुझे उपकार." त्यांनी खुर्ची उचलली आणि बसले. "गझाला, आता नीट ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. इतर कशालाही आपल्याला दोन पुरुष साक्षीदार लागतात. मूळ ग्रंथात, तोरातच तसं आहे. पण अशा अडकलेल्या बाईसाठी आपल्या जुन्या लोकांनी दार थोडं किलकिलं ठेवलं. एक साक्षीदार पुरतो. बाईची साक्षसुद्धा चालते."

"सासूची?"

"सासूची नाही."

"म्हणजे शास्त्र लिहिणारे घरी जेवत होते म्हणायचे."

"मध्ये बोलू नकोस म्हटलं ना! परधर्मी माणसाचा शब्दही चालतो. पण एका अटीवर. तो आपणहून बोलला पाहिजे. दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलताना, ओघात. आपण साक्ष देतोय, आपल्या बोलण्यानं ही बाई सुटेल, असं त्याच्या मनात आलं की तो शब्द बाद. कुणी त्याला विचारलं, सुचवलं, बोलणं तिकडे वळवलं, तरी बाद. आणि एकदा बाद झाला की झाला."

"म्हणजे ज्याला माहीत आहे त्यालाच विचारायचं नाही?"

"त्यालाच नाही."

"आणि तो जन्मात बोललाच नाही तर?"

रिब्बी चष्मा काढून पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

घरी आले तर कार्मेला अंगणात ट्रंका उन्हात टाकत होती. नुन्झियोनं होडीतला आपला वाटा विकला होता. त्याचा मेहुणा समुद्रापलीकडे तुलाँच्या गोदीत होता, त्यानं काम बघून ठेवलं होतं. मादोनाच्या, म्हणजे त्यांच्या देवमातेच्या, सणाला मूर्तीला खांदा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या जहाजानं जायचं. सण पंधरा ऑगस्टला. मी बोटांवर मोजलं, तीन आठवडे.

तीन आठवडे मी गप्प बसले. असा मार मी आयुष्यात खाल्लेला नाही. आमचं अंगण एकच, मधे विहीर, भोवती सहा बिऱ्हाडं. नुन्झियो संध्याकाळी जाळं दुरुस्त करत बसायचा आणि मी शिवणाचं काम घेऊन त्याच्यासमोर. शिवणकाम हा माझा पोटाचा धंदा आहे, पण त्या दिवसांत मी एक बाही तीनदा उलटी लावली. कान त्याच्याकडे. तो हवेबद्दल बोलला, तुलाँच्या मेहुण्याबद्दल बोलला, सरकारला शिव्या घातल्या, एकदा दाढदुखीवर अर्धा तास बोलला. बोलणं समुद्रावर आलं की मी श्वास धरायची. आणि मग तो म्हणायचा, "असो," आणि सुतळी दातानं तोडायचा. त्या 'असो'ला गळा असता तर मी दाबला असता.

नेज्माला मी सांगायला नको होतं, पण सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

"ताई, तो मेलाय हे नुन्झियोला माहीत आहे?"

"त्याला काय माहीत आहे ते आपल्याला माहीत नाही. आणि विचारायचं नाही. शब्दानंही नाही, डोळ्यांनीही नाही."

"चार वर्षं मी रोज त्याच्या बाजूला उभी राहून पाणी काढते."

"तशीच उभी राहा."

ती राहायची. तो विहिरीशी असला की नेमकी तेव्हाच जायची, बादली सोडायची, आणि दोराला दोन्ही हातांनी धरून त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची. तिच्या मानेवरची शीर उडताना मला वरून दिसायची. तोही मान खाली घालून जाळ्याच्या गाठी मोजत बसायचा. दोघांमध्ये चार हातांचं अंतर, आणि ते ओलांडायची परवानगी कुणालाच नव्हती.

सणाला दहा दिवस राहिले तेव्हा माझा धीर सुटला. नुन्झियोला विचारायचं नाही, ठीक. पण पाद्र्याला विचारायचं नाही असं कुणी सांगितलं होतं? ख्रिस्ती माणूस ईस्टरला आपलं सगळं पाप पाद्र्याच्या कानात ओततो, हे गुलेतच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

फादर साव्हेरियो देवळाच्या मागच्या खोलीत मादोनाच्या झग्याची उसवलेली किनार शिवत बसले होते. इतके वेडेवाकडे टाके, की माझे हात शिवशिवले. पण मूर्तीचा झगा, आणि आमच्यात मूर्तीची सेवा चालत नाही. मी हात मागे बांधले.

"फादर, नुन्झियोनं तुम्हाला काय सांगितलं?"

सुई थांबली. "कोण नुन्झियो?"

"फादर! त्याच्या धाकट्याला तुम्हीच बाप्तिस्म्याचं पाणी घातलंत ना डोक्यावर?"

"रस्त्यातला नुन्झियो मला माहीत आहे. त्या कबुलीच्या पेटीत मला कुणीच माहीत नसतं. तिथं जे ऐकलं ते मी ऐकलेलं नसतं. कुणी आलं होतं की नाही, हेही मला माहीत नसतं."

"तुमच्या ग्रंथात आहे. आमच्याकडूनच घेतलाय, म्हणून मला माहीत आहे. ज्यानं पाहिलं, ज्याला ठाऊक आहे, आणि जो सांगत नाही, त्याचं पाप त्याच्याच डोक्यावर. आहे की नाही?"

"आहे."

"मग?"

"वचन वाचून त्याचा कायदा मी एकटा करत नाही, गझाला. चर्च करतं. आणि या बाबतीत चर्चनं माझ्या तोंडाला कुलूप लावलंय. राजा आला आणि गळ्यावर सुरी धरली, तरी ते उघडत नाही."

"राजा नाही आलेला. मी आलेय. माझी बहीण जिवंतपणी पुरलीय, फादर."

झग्यावर लाल ठिपका दिसला तेव्हा मला कळलं की सुई त्यांच्या बोटात गेली आहे. तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "गझाला! बाहेर ये! आत्ता!"

रिब्बी सिमहा रस्त्यात उभे होते, भर दुपारच्या उन्हात, काठीवर दोन्ही हात टेकून, धापा टाकत. मला देवळात शिरताना कुणी तरी पाहिलं होतं. त्यांनी देवळाच्या पायरीला पाय लावला नाही. फादर उंबऱ्यापर्यंत आले. एक सावलीत, एक उन्हात, आणि मध्ये मी.

"हिनं तुम्हाला काही विचारलं असेल," रिब्बी म्हणाले.

"मला कुणी काही विचारलेलं नाही," फादर म्हणाले.

"उत्तम. मग मी तुम्हाला एका गावाची गोष्ट सांगतो. हे गाव नव्हे. त्या गावात एक बाई अडकलीय. तिला सोडवणारा शब्द एका परधर्मी माणसाच्या पोटात आहे. आता त्या गावातला पाद्री भला माणूस. समजा, त्यानं त्याला सांगितलं, जा, ज्यूंच्या न्यायाधीशासमोर उभा राहा आणि त्या बाईला सोडव. तो आला, रडला, खरं तेच बोलला. तरी न्यायाधीशाला तो शब्द घेता येणार नाही. बाई मरेपर्यंत अडकली."

फादरांचा चेहरा उतरला. मी त्यांना वीस वर्षं ओळखते, असा उतरलेला कधी पाहिला नव्हता. मग ते म्हणाले, "त्या गावातल्या पाद्र्याबद्दल मला काहीच ठाऊक नाही. पण खरं बोल असं सांगणं हाच जर घात असेल, रिब्बी, तर हा नियम कुठल्या वचनात आहे?"

"कुठल्याच नाही. वचनात दोन साक्षीदार, विषय संपला. हे आमच्या माणसांनी काढलं, शेकडो वर्षं एकमेकांशी भांडून. आम्ही ग्रंथ एकट्यानं वाचत नाही, चारजण भांडत वाचतो. परक्याचा शब्द घ्यायचा हे दयेपोटी ठरलं. आणि त्यानं खोटं बोलून बाईला बुडवू नये म्हणून ही अट."

"आमचं कुलूपही वचनात जसंच्या तसं दाखवता येणार नाही," फादर म्हणाले. "तेही दयेपोटीच. तोंड बंद राहील याची खात्री नसेल, तर पापी माणूस दाराशीसुद्धा येणार नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. दोन विद्वानांचं छान पटलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"वा!" मी ओरडले. "यांच्या दयेनं दार उघडलं, तुमच्या दयेनं लावलं, आणि मधल्या फटीत बोटं सापडलीत माझ्या बहिणीची! कुणाला दिसतायत का ती?"

रस्त्यानं जाणारा भाजीवाला थांबून बघायला लागला. रिब्बींनी माझा दंड काठीनं ढोसला आणि आम्ही घरी आलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "तुझी जीभ एक दिवस तुझ्या बहिणीला बुडवणार आहे." मला ते तेव्हाच पटलं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

पंधरा तारखेची दुपार झाली. मिरवणूक चारला निघायची होती. अंगण रिकामं होतं, सगळे चांगली जागा धरायला किनाऱ्याकडे गेलेले, मुसलमान शेजारीण आणि आमची ज्यू मंडळीसुद्धा. मादोना समुद्राकडे जाते ते बघायला गुलेतमध्ये धर्म लागत नाही. नेज्मा पोरीला घेऊन गेली होती. कार्मेलाच्या दारात ट्रंका दोरानं बांधून ठेवल्या होत्या. मी विहिरीशी बसून मटार सोलत होते आणि मनात म्हणत होते, संपलं.

नुन्झियो बाहेर आला. पांढरा शर्ट, अनवाणी. मूर्तीला खांदा देणारे अनवाणी चालतात. विहिरीशी पाय धुतले आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"सकाळी निघतो, गझाला. शेजार बरा होता. काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर." मग हसून म्हणाला, "तसा मी फादरांकडे जाऊन आलोय. मोकळा झालोय. स्वच्छ मनानं खांदा देणार."

स्वच्छ. तो शब्द माझ्या डोक्यात गेला.

"बरं आहे बाबा तुमचं," मी म्हटलं. मटारची टोपली मी कधी खाली आपटली मला कळलं नाही. "वर्षभर करायचं ते करायचं, एकदा पेटीत तोंड घालून कुजबुजायचं, की निघाले बाहेर धुतलेल्या चादरीसारखे! आमच्यात ज्याचं वाकडं केलं त्याच्या दारात जाऊन उभं राहिल्याशिवाय देवसुद्धा माफ करत नाही. तुमचा देव स्वस्त आहे."

त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा. "स्वस्त?" तो म्हणाला. "तू कधी गुडघ्यावर बसून बोलली आहेस? स्वतःच्या तोंडानं? एका माणसाला मी परत पाण्यात टाकला, हे वाक्य म्हणून बघ एकदा! म्हण! दर ईस्टरला म्हणतो मी!"

मी बघत राहिले.

"वादळाच्या दुसऱ्या दिवशी जाळ्यात आला. खम्मूस. चेहरा जसाच्या तसा, नाकाजवळचा तो तीळसुद्धा. होडीत जाळ्याखाली पान्तेल्लेरिया बेटावरचा चोरटा तंबाखू होता. मेलेला माणूस घेऊन बंदरात गेलो असतो, तर पोलिसांनी फळी न् फळी उचकटली असती. म्हणून टाकला. तुमच्यात काय म्हणतात ते मला येत नव्हतं, म्हणून आमचंच म्हटलं, आणि टाकला. फादर म्हणतात, जा, तिला सांग. काय सांगू? तुमचं कोर्ट काय ख्रिस्ती माणसाला विचारतंय? सांगून ती माझ्या तोंडावर थुंकेल, तेवढंच. तिची पोर माझ्याकडे बघून हसते ना, तेही बंद होईल. चार वर्षं एक रात्र नीट झोप नाही, आणि तू म्हणतेस स्वस्त!"

त्यानं विहिरीच्या कठड्यावर मूठ मारली आणि तसाच अनवाणी निघून गेला. लांबून ढोल ऐकू यायला लागले. काय ऐकलं ते मला आत्ता कुठे कळत होतं. आणि पाठोपाठ दुसरंही कळलं. आधी कोण बोललं? मी बोलले. मी त्याला डिवचलं. मटार तुडवत मी रिब्बींकडे धावले.

रिब्बींनी शेजारून दोन न्यायाधीश बोलावले. तिघं टेबलामागे, मी समोर. खिडकी लावली तरी ढोल आत येत होते.

"शब्द न् शब्द सांग. आधी कोण बोललं?"

"तो. निरोप घेतला, म्हणाला स्वच्छ झालोय. मग मी."

"काय म्हणालीस?"

मी सांगितलं. रिब्बींनी डोळे मिटले. "त्यांच्या देवाला एवढं बोललीस?"

"स्वस्तही म्हटलं."

"खम्मूसचं नाव तू घेतलंस?"

"नाही."

"समुद्र, होडी, वादळ, बुडणं, यातलं काही?"

"काहीच नाही."

"बहिणीचं?"

"नाही."

"चेहरा पाहिला म्हणाला? नाकासकट? शास्त्रात नाकाशिवाय ओळख धरत नाहीत."

"नाकाजवळचा तीळ पाहिला म्हणाला. नाकाशिवाय कसा दिसेल?"

"कुठल्या दिवशी? तीन दिवसांनंतरचा चेहरा धरत नाहीत."

"वादळाच्या दुसऱ्या."

उजवीकडचे न्यायाधीश, तरुण आणि काटेकोर, पुढे झुकले. "पण डिवचणं म्हणजे विचारणंच की. पाद्र्यानंही त्याला सांगितलेलं, जा, बोल."

"तिला सांग म्हणून. आम्हाला नाही," रिब्बी म्हणाले. "आपलं कोर्ट त्याचं ऐकणार नाही असं तो स्वतः म्हणाला. सोडवायला बोलला नाही, भांडायला बोलला." मग त्यांनी तो एक चांगला डोळा माझ्यावर रोखला. "पण तुझा हेतू त्याला कळला असेल, तर सगळं बाद. म्हणून विचारतो, गझाला. तुला शपथ घालत नाही, पण देव ऐकतोय. त्याच्या पोटातलं बाहेर यावं म्हणून तू त्याला डिवचलंस का?"

हो म्हटलं असतं, तर सगळी गुलेत म्हणाली असती, काय बहीण आहे, काय डोकं चालवलं. आणि नेज्मा मरेपर्यंत अडकली असती. नाही म्हणायचं, तर ते खरं आहे का? मी तो क्षण परत डोळ्यांसमोर आणला. टोपली, त्याचे ओले पाय, 'स्वच्छ' हा शब्द. आणि मला जे दिसलं त्याची मला इतकी लाज वाटली, की मी खाली बघूनच बोलले.

"नाही. त्या वेळी नेज्मा माझ्या डोक्यात नव्हतीच. तीन आठवडे दुसरं काही नव्हतं, आणि नेमकी तेव्हा मी तिला विसरले. मला फक्त त्याला दुखवायचं होतं. तो मोकळा झाला आणि मी नाही, याचा राग आला होता. बस्स."

आणि मी रडायला लागले. चारचौघांत रडायची मला सवय नाही.

तिघं बराच वेळ ग्रंथ उघडत, मिटत, हळू आवाजात भांडत होते. तरुण न्यायाधीश दोनदा उठले, दोनदा बसले. शेवटी त्यांनी हात वर केले आणि रिब्बींनी लेखणी ओढून घेतली. "लिहितो. ती मोकळी आहे."

मला वाटलं होतं, ही बातमी मी नाचत घरी नेईन. रिब्बींना घेऊन मी आले, तर जिन्याच्या तळाशी ब्राहम उभा होता, अजूनही पहिल्या पायरीच्या खालीच. त्यानं माझ्याकडे बघितलं, रिब्बींकडे बघितलं आणि टोपी काढली. नेज्मा नुकतीच किनाऱ्यावरून आली होती. रिब्बींनी तिला सांगितलं. मोकळी आहेस, असं म्हणायला आधी तो मेला असं म्हणावं लागतं, हे इतक्या दिवसांत मला एकदाही सुचलं नव्हतं.

"चपला काढ, लेकरा, आणि खाली बस," रिब्बी म्हणाले. "महिना उलटून कळलेल्या मरणाचं सुतक एक तास."

"एकच तास?"

"शास्त्रात तेवढंच आहे."

तिनं चपला काढल्या आणि फरशीवर बसली. रडली नाही. चार वर्षं तिला रडायचीही परवानगी नव्हती; जिवंत नवऱ्यासाठी कोण रडतं? मी तिच्या शेजारी बसले. किनाऱ्यावरची माणसं परतायला लागली होती, अंगणात गलबला वाढत होता.

नुन्झियो दारात आला. खांद्यावर दांड्याचा लाल वळ, पाय धुळीनं भरलेले. त्याला कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे, बहुतेक कार्मेलानं. तो आत आला नाही. दारातच उभा राहिला, हात लोंबत सोडून.

नेज्मानं त्याच्याकडे बघितलं. मग रिब्बींकडे. "आता त्याला विचारलं तर चालेल?"

"आता चालेल," रिब्बी म्हणाले.

मला वाटलं ती विचारेल का टाकलास. कुठे टाकलास. मी तिच्या जागी असते तर त्याचा गळा धरून विचारलं असतं.

"डोळे मिटलेले होते?" तिनं विचारलं.

"नव्हते," नुन्झियो म्हणाला. "मी मिटले."

आमच्यात मेलेल्याचे डोळे मुलानं मिटायचे असतात. मुलगा नसेल तर घरच्या कुणी तरी.

"कुठल्या हातानं?"

त्याला कळलं नाही, पण त्यानं उजवा हात पुढे केला. नेज्मा उठली, अनवाणीच दारापर्यंत गेली आणि तो हात तिनं दोन्ही हातांत धरला. रिब्बी समोर होते. परक्या पुरुषाचा हात, तोही सुतकात. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. नेज्मानं त्या हातावर कपाळ टेकलं आणि मोठ्यानं, अंगणभर ऐकू जाईल असं रडली.

तास संपला तरी तिला कुणी उठवलं नाही.